आडनाव न विचारणारी सभा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण. वक्त्यांच्या विनंतीवरून त्यांचे नाव छापलेले नाही.)



या व्यासपीठावरून विद्यार्थी-साहाय्य निधी, वधूवर सूचक मंडळ इत्यादी विषयांवर आम्ही अनेकदा बोललो आहोत. आजचा विषय संमेलनाच्या मंगल वातावरणास साजेसा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि तो आपल्यापैकी काही घरांत बंद दाराआड नांदत आहे. आमच्या घरी तो अठरा वर्षे नांदला, म्हणूनच बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही मद्यपी होतो. आपण सर्वांनी ते ओळखले होते आणि सौजन्याने झाकूनही ठेवले होते. चिरंजिवांच्या सोयरिकीच्या वेळी चौकशी आली तेव्हा येथल्याच मंडळींनी “घराणे उत्तम” एवढेच उत्तर दिले. घरी पाहुणे आले की सौभाग्यवती “त्यांना पित्त झाले आहे” असे सांगत. कुलदैवतासमोर आम्ही किती शपथा घेतल्या आणि किती मोडल्या, त्याची गणती नाही. झाकणारे हात प्रेमाचे होते. परंतु त्या झाकणाखाली आमचा आजार वाढतच गेला.

प्रथम बदलल्या त्या सौभाग्यवती. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ नावाचे गट असतात. अमेरिकेत १९५१ साली त्यांची संघटना उभी राहिली. एका मैत्रिणीबरोबर त्या तेथे जाऊ लागल्या आणि एके दिवशी त्यांनी आमच्या कचेरीत खोटा निरोप देण्याचे नाकारले. आम्ही संतापलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमची दारू मला सोडवता येणार नाही. माझे खोटे बोलणे मात्र मला सोडता येईल.”

पुढे एका सकाळी हात इतके कापू लागले की सदऱ्याची बटणे लावता येईनात. डॉक्टरांनी बजावले, “अनेक वर्षांची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते.” रुग्णालयात आठवडा काढल्यावर ते म्हणाले, “शरीरातली दारू उतरली. आता सभेला जा.”

ही सभा म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरी शेअरबाजारातील एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांस आपली हकिकत सांगत सावरले. त्यातून ती जन्मली. १९५७ साली ती भारतात आली. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने, ‘मुक्तांगण’ स्थापिले. व्यसन हा आजार आहे, हे मराठी समाजास समजावण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून आम्ही मुद्दाम दूरच्या उपनगरातील सभा निवडली. एका शाळेच्या वर्गात ती भरे. दारावरून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आतून कोणी म्हणाले, “या, चहा घ्या.” आपल्याकडे नाव सांगताच आडनाव आणि गाव विचारले जाते, तेथे पहिल्या नावावर काम भागले. वर्गणी नाही, स्वेच्छेने पेटीत टाकाल तेवढेच, आणि बाहेरची देणगी तर ते घेतच नाहीत. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. आमच्या एका बाजूस हातगाडीवाला होता, दुसऱ्या बाजूस वकील. प्रत्येक जण स्वतःपुरते बोले. मध्ये कोणी तोडत नसे, उपदेश करीत नसे. शपथ कोणी घालीत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच निश्चय. चार सभा आम्ही मुके बसलो. पाचव्या सभेत बोललो, आणि अठरा वर्षांत प्रथमच खरे बोललो.

सात महिन्यांनी एका लग्नघरी आग्रहास बळी पडून आम्ही पुन्हा प्यालो. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून सभेस गेलो. कोणी दूषण दिले नाही. “बरे झाले आलात,” म्हणून चहाचा पेला पुढे केला. त्या दिवसापासून आजतागायत आम्ही प्यालेलो नाही. उद्याचे उद्या पाहू.

ज्ञातीने आम्हांस शिक्षण दिले, सोयरे दिले, अडचणीत आधार दिला. हे एक मात्र ज्ञातीत मिळणे कठीण होते, कारण येथे आम्हांस नाव होते आणि ते जपायचे होते. म्हणून आपणांस दोनच विनंत्या. कार्यात कोणी “नको” म्हटले तर पुन्हा आग्रह करू नये. आणि अशा घरातील भगिनीस “सहन कर” असे न सांगता, तिच्यासाठीही सभा आहे हे सांगावे. पहिल्या दिवशी सोबत जावे. एक गट मानवला नाही तर दुसरा पाहावा.

आपण सर्व आम्हांस ओळखता. ते ठीकच आहे. परंतु छापील पानावर नाव न देणे हा त्या सभेचा दंडक आहे. चिटणीसांनी तो पाळावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.