जुन्या अंकातील क्रीडावृत्त



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांचे विचार ऐकण्याची ती रीत पुढे महाराष्ट्रात गावोगाव रुजली, आणि आपल्या चिखलीलाही तिची गोडी आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार चळवळीत पुष्कळ झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण माझ्याकडून ठेवली नसेलच. एक जुना अंक वाचताना जे सुचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

हा अंक आपल्याच भागातील एका शाळेचा, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा. विद्यार्थ्यांनीच लिहिलेला. त्यात कविता आहेत, सहलीचे वर्णन आहे, आणि शेवटी क्रीडावृत्त आहे. कबड्डीत कोण चढाईला गेला, खो-खोत कोण शेवटपर्यंत टिकला, शंभर मीटर कोणी जिंकली, हे सारे मोठ्या हौसेने लिहिले आहे. विजयी चमूचे छायाचित्रही आहे. मुलींच्या वाट्याला मात्र चारच ओळी आल्या आहेत : संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि रांगोळी! रांगोळी हा खेळ केव्हापासून झाला, हे त्या संपादकालाच ठाऊक.

पण माझी नजर अडली ती एका वाक्यावर. काही गडी गैरहजर राहिल्यामुळे एक सामना सोडून द्यावा लागला, असे त्यात नोंदले आहे. गडी का आले नाहीत, हे मात्र लिहिलेले नाही. वाचणारा म्हणेल, पोरांना शिस्त नव्हती. मी म्हणतो, तारीख पाहा. सामने डिसेंबरातले आहेत. आपल्या वऱ्हाडात दसरा-दिवाळीपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी चालते. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. म्हणजे घरात जितके हात, तितका कापूस, आणि जितका कापूस, तितकी मजुरी. ज्या महिन्यांत शाळांची स्नेहसंमेलने आणि सामने होतात, त्याच महिन्यांत गरिबाच्या पोराचे हात शेताला हवे असतात. त्यात मुलीचे हात तर आधी. ती वेचायला गेली नाही, तरी आई वेचायला गेल्यावर धाकटे भावंड तिच्याच कडेवर येते. कडेवर मूल घेऊन खो-खो कसा खेळावा?

श्रोतेहो, खेळाला मैदान लागते, दम लागतो, हे आपण सारे जाणतो. पण त्याआधी लागते ती फुरसत, आणि फुरसत ही कोणी आपण होऊन देत नाही. आपल्या देशातला पहिला कारखाने कायदा १८८१ सालचा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास कामाची मर्यादा घातली. सात वर्षांचे पोर आणि नऊ तास! ती वयाची अट चौदापर्यंत नेणारा कायदा १९४८ साली झाला. म्हणजे सदुसष्ट वर्षे गेली. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यात एक सवलत ठेवली आहे : धोक्याचे नसलेले घरचे काम मुलाने शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत करावयास हरकत नाही. आता विचार करा, मूल खेळते केव्हा? शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतच! कायद्याने अभ्यासाचा तास राखला, खेळाचा तास मोकळा सोडला. आणि मोकळी सोडलेली वस्तू नेहमी गरजेच्या हाती जाते, हा आम्हा युनियनवाल्यांचा जुना अनुभव आहे.

याचा अर्थ गरिबाची मुले खेळात मागे राहतात असे नव्हे. संधी मिळाली की काय होते याचा दाखला आपल्या अमरावती विभागातच आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान आखाडा काढला. त्याचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या वाटखर्चासाठी वर्गणी गोळा झाली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि मुलींचे म्हणाल, तर २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली; ती जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राचीच. लिंबू-चमच्यापासून विश्वचषकापर्यंतचे हे अंतर मुलींनी पायांनी तोडले आहे. ते तोडण्यासाठी त्यांना रोजचा एक तास कोणीतरी राखून द्यावा लागला असणार, हे विसरू नका.

म्हणून माझे मागणे साधे आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान असलेच पाहिजे असे ठरविले आहे. आपापल्या शाळेचे मैदान पालकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे. खेळाचा तास घंटा झाल्यानंतर नको, वेळापत्रकाच्या आत हवा, आणि गणिताचा धडा राहिला म्हणून तो कोणी खाऊ नये. सामन्यांच्या तारखा ठरविताना शाळेच्या चालकांनी पंचांगाबरोबर वेचणीचा हंगामही पाहावा. मुलींचा चमू मुलांच्या बरोबरीने उतरवावा.

आणि या सभेत विद्यार्थी बसले असतील, त्यांना एक विनंती. बाळांनो, तुम्ही आपला अंक काढाल तेव्हा जिंकणाऱ्यांची नावे अवश्य छापा. त्यांनी घाम गाळला आहे. पण एखादा गडी गैरहजर राहिला, तर तो का आला नाही हे त्याच्या घरी जाऊन विचारा, आणि तेही लिहा. तो कोठे गेला होता हे चाळीस वर्षांनंतरच्या वाचकाला तारखेवरून ताडावे लागू नये.