हरवलेलं कार्ड आणि आपलं नाव



मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला तडाखा दिला. अशा वेळी होड्यांचे, छपरांचे, माडांचे पंचनामे होतात. पेटीत भिजून लगदा झालेल्या रेशन कार्डाची नोंद कोण घेणार? ते परत मिळवायला कचेरीत खेटे घालणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. मी त्यांना विचारते, कार्ड कुणाच्या नावाचं होतं गं?

दुय्यम कार्ड ही जुन्याचीच नक्कल. त्यावर नवरा कुटुंबप्रमुख असेल, तर तोच पुन्हा येतो. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम १३ सांगतं की, लाभार्थी कुटुंबातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख. म्हणून तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत नकलेसोबत नाव बदलण्याचाही अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

आधारचं दुखणं वेगळं. मोबाइल नवऱ्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. परित्यक्ता बाईनं काय करावं? तिनं स्वतः आधार केंद्रावर जावं. तिथं आपला नंबर जोडता येतो, जुना फोन लागत नाही. बर्फात, खाऱ्या पाण्यात मासळी हाताळून बोटांचे ठसे उठत नसतील, तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवायला सांगावं.

धान्य ज्या कागदावर मिळतं, त्यावर आपण कुणाची तरी बायको म्हणूनच का असावं? एकेकटीनं हेलपाटे घालू नका, गटानं मिळून जा. कार्ड परत आणायचंच आहे, तर आपल्या नावानं आणूया.