रिजेक्शनचा ढीग हलवू नका



परिषदेला आलेल्या आपणा सर्व कारखानदारांचं आणि पाहुण्यांचं स्वागत समितीच्या वतीनं करवीरनगरीत, आमच्या कोल्हापुरात, मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं गावाचे गोडवे गावेत आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. पैकी गोडवे थोडक्यात उरकतो. याच गावात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला. उसाच्या या मुलखात चरक आणि इंजिनं दुरुस्त करता करता मिस्त्री मंडळी स्वतःच इंजिनं बनवू लागली. आज इथल्या फौंड्र्यांतलं कास्टिंग ट्रॅक्टरला बसतं, मोटारींना बसतं, समुद्रापारही जातं.

पण कॅमेरा एकच करायचा होता. परदेशातलं गिऱ्हाईक पहिल्या नगाचं कौतुक करत बसत नाही. दहा हजारावा नग पहिल्यासारखाच आहे का, एवढंच ते मोजतं. तिथं आपली अडचण होते, आणि ती होते हे आपल्याला दिसतसुद्धा नाही. ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, निघालेलं कास्टिंग आपण बाजूला टाकतो. ते यथावकाश परत भट्टीत जातं. ‘लोखंड कुठं गेलं? आपल्याकडंच हाय की!’ हे माझ्याही फौंड्रीत ऐकू येतं. लोखंड राहतं, खरं आहे. पण टनभर लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिटं जळतात, ती दुसऱ्यांदा मोजायची. वाळू, बेंटोनाइट, कोअर, मोल्डरची मेहनत, फेटलिंग, सगळं पाण्यात. दोष मशिनिंगला गेल्यावर कळला तर तिथला खर्च वेगळाच. फाटलेलं कापड निदान डोळ्यांसमोर पडून राहतं. आमची भट्टी पुरावाच गिळते. वीजदराविरुद्ध आपण मोर्चे काढतो, रास्तच काढतो. पण या दुसऱ्या बिलाविरुद्ध मोर्चा कुणावर न्यायचा?

जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओहनो यांनी असल्या नासाडीचे सात प्रकार मांडले. त्याच्याही आधी, १९२४ साली, साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग तयार झाला होता. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचं एक मूळ त्या मागात आहे. शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. आपल्याकडं मात्र मोल्डिंग लाइन थांबवणाऱ्या पोराला बोलणी बसतात. वाळूत ओल जास्त झालीय हे मूठ आवळल्याबरोबर त्याला कळलेलं असतं. पण डिस्पॅचची गाडी दारात उभी असते आणि तो गप्प राहतो.

ही नासाडी कमी करण्याच्या पद्धतीला ‘लीन’ म्हणतात. लघुउद्योगांसाठीच्या केंद्राच्या लीन योजनेत २०२३ पासून अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. ती जरूर घ्या. नुसते टापटिपीच्या फाइव्ह एसचे तक्ते भिंतीवर लावायचे असतील, तर मात्र आपले १० टक्केही वाचवा.

उद्या दुपारी कारखाना भेटी आहेत. यजमान कारखानदारांना हात जोडून सांगतो, आज रात्री झाडलोट करून रंगरंगोटी करू नका आणि रिजेक्शनचा ढीग आहे तिथंच असू द्या. पाहुण्यांनी आधी तो बघावा, मोल्डरशी बोलावं, मग केबिनमध्ये चहाला यावं. जेवणाला तांबडा-पांढरा आहे. शाकाहारी मंडळींची पंगत उजवीकडच्या मांडवात. आता अध्यक्षांना विनंती, की त्यांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं.