सत्य सांगणाऱ्याचे रक्षण



१९५९ साली भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून या गावातील कित्येक मराठी घरांची चूल सार्वजनिक उद्योगाच्या वेतनावर चालत आली आहे. म्हणूनच सार्वजनिक धनाचा अपहार पाहून जो कर्मचारी तोंड उघडतो, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपणांस परका नाही.

२००२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्यांच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयास कळविला. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. ती लुटारूंनी केल्याचे ठरवून २०१० मध्ये न्यायालयाने तिघांस शिक्षा दिली. तथापि नाव फुटल्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही.

त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये सरकारने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविल्या. केंद्रीय उपक्रमांचे, म्हणजेच आपल्या पोलाद कारखान्याचेही, कर्मचारी या ठरावाच्या कक्षेत येतात. पत्र बंद लखोट्यातून पाठवावे. नाव-पत्ता आत असावा, लखोट्यावर नसावा. निनावी पत्र मात्र चालत नाही.

परंतु केवळ गुप्ततेने भागत नाही. पत्र कोणी लिहिले, हे कचेरीत तर्काने ओळखले जाते. शिवाय काही जण उघडपणेच लिहितात. महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंते विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील वाढीव खर्च व निकृष्ट कामे यांविषयी मुख्यमंत्री व राज्यपाल यांना स्वतःच्या नावानिशी पत्रे लिहिली. अशा माणसाला गुप्ततेचा काय उपयोग?

सूड हा सहसा आदेशाच्या रूपाने येतो. दूरची बदली, बिघडविलेला गोपनीय अहवाल, जुन्या प्रकरणाची उकरून काढलेली खातेनिहाय चौकशी. कारण एकच, 'प्रशासकीय सोय'. सर्व कागद वरिष्ठांच्या हाती. मग सूड सिद्ध करावा तरी कसा? २०१४ च्या संरक्षण कायद्याने हे ओझे फिरविले: कारवाई सुडाची नव्हती, हे खात्यानेच सिद्ध करावे. आमच्या मते कायद्याचा प्राण येथे आहे. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळूनही तो अद्याप अंमलात आलेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

तो अंमलात यावा, ही मागणी आपण करूच. परंतु तोवर अशा माणसाला आपण एकटे पाडता कामा नये. बदलीचा हुकूम हाती पडलेल्या त्याच्या घरी जाण्यास आपले पाय अडखळले, तर सूड घेणाऱ्याचे निम्मे काम आपणच केले, असे होईल.