निरोप दुसऱ्याचा, बॅटरी आपली





2020च्या ऑक्टोबरात हैदराबादेतल्या कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात आणि उरतात ते लोकांच्या खिशातले फोन. जवळ येईल त्या फोनकडे निरोप सोपवायचा, त्याने तो पुढे न्यायचा, हे तुटक जाळ्याचे तत्त्व. संगणक-संशोधक केविन फॉल यांनी 2003 मध्ये त्याची रचना मांडली. त्याच सुमारास शेजारच्या कर्नाटकात, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात, ‘डाकनेट’ प्रकल्पाचे यंत्र बसवलेली सरकारी बस हेच करत होती. बस गावात शिरली की तिथला संगणक वाय-फायवर तिला गाठायचा, आणि ती पुढे निघेपर्यंत देवाणघेवाण उरकायची.

बस ठरल्या वाटेने जाणारच असते. फोनला मात्र मालक असतो. बॅटरी बारा टक्क्यांवर आलेली, चार्जिंगची सोय नाही. मग अनोळखी माणसाचा निरोप त्याने का वाहावा? या प्रश्नाला स्वार्थ म्हणून हिणवणे मला पटत नाही. त्याला उत्तर द्यायला हवे.

मोबदला देऊन पाहिला, तर लबाड फोन निरोपाच्या वाटेत स्वतःचीच खोटी नावे घुसवून जास्तीचा वाटा लाटू शकतो. दुसरा मार्ग जशास तसे वागण्याचा, म्हणजे आमच्या मराठवाड्यातली सावड: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण सावडीला पुन्हा भेटण्याची खात्री लागते. इथे पहिल्या भेटीत दोघांचेही खाते कोरे, त्यामुळे सुरुवात कुणीच करत नाही. 2008 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी यात थोडे औदार्य मिसळले: समोरच्याने काही केलेले नसतानाही त्याचे थोडे वाहायचे. या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सूचना हीच.

हे ‘थोडे’ म्हणजे किती? जास्त झाले तर फुकटे माजतात, कमी पडले तर गाडी हलतच नाही. शिवाय पुराच्या दिवसाचे माप एरवीच्या दिवसाला लागू पडणार नाही. संशोधक मित्रहो, या परिषदेत हे माप बॅटरीच्या हिशेबात मांडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संगणकावरच्या नकली फोनांवर थांबू नका. पावसाळ्याआधी इथल्या मुसी नदीकाठच्या वस्त्यांत खरी चाचणी घ्यायची असेल, तर जागा आणि माणसे जमवायची जबाबदारी आमच्या स्वागत समितीची.