चढणाऱ्याला आधी वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आहार, आरोग्य, बालसंगोपन किंवा संतवाङ्मय असा एखादा विषय असावा, ही आपली रीत. मी मात्र आज रस्त्यावरच्या रागाविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "गाडीवाल्यांच्या भांडणांचा आणि महिला मंडळाचा काय हो संबंध?" संबंध फार जवळचा आहे. तो आपणाला पटवता आला, तर माझे काम झाले असे मी समजेन.

पहिला संबंध अगदी उघड आहे. चौकात दोन गाड्या एकमेकींना घासतात. दोन गृहस्थ खाली उतरतात. चूक त्यांतल्या एकाची असते, फार तर दोघांची. पण उद्धार कोणाचा होतो? एकाच्या आईचा आणि दुसऱ्याच्या बहिणीचा! त्या दोघी बिचाऱ्या आपापल्या घरी कुकर लावीत असतात. आपल्या नावाने भर चौकात काय चालले आहे, याची त्यांना गंधवार्ताही नसते. तेव्हा या भांडणांत आपण नाही असे म्हणून चालायचे नाही. आपल्याला त्यांत कधीच ओढलेले आहे.

दुसरा संबंध दुःखाचा आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची होती, आणि दर दहांतले सात मृत्यू बेफाम वेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. हे सगळे रागामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण वेग आणि राग यांची सोयरीक जुनी आहे. आणि या आकड्यातल्या प्रत्येक माणसाची कोणीतरी दारात वाट पाहत होते, हे तर आपणा बायकांना कोणी सांगायला नको.

तिसरा संबंध मात्र क्वचितच बोलला जातो, आणि मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. आपण बायका आता स्वतः गाडी चालवतो. १९७२ साली लूना बाजारात आली आणि आपल्या पुण्यात कितीतरी मुलींच्या, मास्तरणींच्या, नोकरदार बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचे वाहन आले. पुढे बिनगिअरच्या स्कूटर आल्या. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, माहेरी आईला भेटून यायला कोणाची मनधरणी करावी लागेना. हे स्वातंत्र्य लहान नव्हे. त्याला पेट्रोल लागते, तसा रस्त्यावर थोडा चांगुलपणाही लागतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. पन्नाशी उलटल्यावर हौसेने स्कूटर शिकल्या. परवाना काढला, हेल्मेट घेतले, डाव्या बाजूने सावकाश जायच्या. एक दिवस सिग्नल हिरवा झाला आणि गाडी सुरू व्हायला दोन क्षण उशीर झाला. मागच्या मोटारीने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मग त्या गृहस्थाने बाईंना घासून कट मारला आणि काच खाली करून ओरडला, "घरी बसून पोळ्या लाटा!" बाई पडल्या नाहीत, कोठे खरचटलेसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आज ती स्कूटर जिन्याखाली आच्छादन घालून उभी आहे, आणि भजनाच्या वर्गाला जायचे तर बाई मुलाला सवड होण्याची वाट पाहतात. या घटनेची कोणत्याही अपघातांच्या वहीत नोंद नाही. पण एका बाईचे चाक काढून घेतले गेले, हे खरे ना?

आता न्यायाने बोलायचे, तर गाडी चालवणाऱ्याला राग येण्याची कारणे खोटी नसतात. उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार, मान वाकडी करून खांद्याला फोन लावलेला तरुण, सिग्नल लाल असताना झेब्रा पट्ट्यांवर येऊन उभा राहिलेला रिक्षावाला, कोठेही दार उघडून उतरणारे उतारू, आणि या सर्वांवर ताण म्हणून रस्त्यातले खड्डे! घामाघूम झालेल्या माणसाच्या कपाळाची शीर उठली, तर नवल नाही. यांत आपल्यापैकीही काहीजणी असतात. दिवा डावीकडचा लावून उजवीकडे वळणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. तेव्हा सगळा दोष पुरुषांच्या माथी मारून टाळ्या मिळवण्याचा माझा विचार नाही.

१९५० साली वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेने 'मोटर मॅनिया' नावाचे एक लहानसे व्यंगचित्र काढले होते. त्यातला नायक पायी चालत असतो तेव्हा मुंगीलाही न दुखावणारा सज्जन असतो. तोच मोटारीत बसला की राक्षस होतो. आणि गाडी लावून खाली उतरला की पुन्हा गरीब गाय! इतक्या वर्षांनंतरही ते चित्र जुने झालेले नाही. दारात आलेल्या पाहुण्याला "या, बसा, पाणी घ्या" म्हणणारा माणूस रस्त्यावर त्याच पाहुण्याला इंचभर जागा देत नाही. कारण रस्त्यावर आपल्याला माणूस दिसतच नाही. दिसतो तो पत्रा, काच आणि नंबर. पत्र्यावर ओरडायला कोणाला लाज वाटते?

"पण राग आला की माणसाचे भान सुटते, त्याला तो काय करणार?" असे आपण सहज म्हणतो, आणि घरातल्या रागीट माणसाविषयीही हेच म्हणून त्याला क्षमा करतो. येथे मला एक जुना प्रयोग आपणापुढे ठेवायचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अँथनी डूब आणि ॲलन ग्रोस या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९६८ साली प्रसिद्ध केला. चौकात सिग्नल हिरवा झाल्यावरही पुढची मोटार मुद्दाम जागची हलवायची नाही, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो की नाही, हे बारा सेकंदांपर्यंत पाहायचे, असा तो प्रयोग. काही वेळा पुढे जुनी, गंजकी मोटार ठेवली, काही वेळा नवी कोरी, श्रीमंती थाटाची. जुन्या मोटारीमागच्या शंभरांतील ८४ जणांनी हॉर्न वाजवला. नव्या मोटारीमागे असे निम्मेच निघाले. तोच चौक, तोच दिवा, खोळंबाही तोच. मग फरक कशाचा? समोर कोण आहे, याचा!

भगिनींनो, या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. राग आंधळा असतो असे म्हणतात, ते खरे नाही. तो चांगला डोळस असतो. समोर वाळूचा ट्रक असला तर हॉर्न गप्प बसतो. पोलिसांची गाडी असली तर हात जोडले जातात. साहेबांची मोटार असली तर राग गिळला जातो. आणि समोर शिकाऊ मुलगी, सायकलवरचा म्हातारा किंवा भाजीची हातगाडी असली की तोच राग उसळून वर येतो. म्हणजे राग आवरता येत नाही असे नाही. आवरता येतो, आणि रोज आवरलाही जातो. फक्त कोणापुढे आवरायचा आणि कोणापुढे सोडायचा, हे आपण आधी पाहून घेतो. जी गोष्ट थोरामोठ्यांपुढे जमते, ती दुबळ्यापुढेही जमली पाहिजे. हे वाक्य रस्त्यापुरतेच आहे असेही मी म्हणणार नाही. घरातही ते लावून पाहावे.

बरे, एवढी आगपाखड करून मिळते काय? हिशेब आपण बायका चोख ठेवतो, तर हाही हिशेब करू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९४ किलोमीटरांचा आहे. सबंध वाटेवर ताशी १०० किलोमीटरांचा वेग ठेवला असे धरले, तर सुमारे ५६ मिनिटे लागतात. तोच जीव मुठीत धरून, कायदा मोडून १२० चा ठेवला, तर ४७. म्हणजे पदरात पडली नऊ मिनिटे. आणि ती पुढे टोलनाक्यावर किंवा शहरात शिरताना पहिल्याच कोंडीत खर्ची पडायची! शहरात तर एवढीही कमाई नाही. कट मारून पुढे गेलेला वीर पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता खर्चाची बाजू पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर पुढे जाते. आपले हे सभागृह साधारण तेवढेच लांब असेल. समोर मूल आले, डोळ्यांनी पाहिले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो एक सेकंद संपतो. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. हे पदार्थविज्ञान आहे. ते कोणाच्या रागाला भीत नाही आणि कोणाच्या घाईला भीक घालत नाही. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून जाणारा माणूस त्या गाडीवाल्याला धडा शिकवीत नसतो, स्वतःचा ब्रेक निकामी करून घेत असतो.

मग उपाय काय? कायदा आहे. बेदरकारपणे गाडी हाकणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमचा बाळ्या चौदाव्या वर्षीच गाडी पळवतो" असे कौतुकाने सांगणाऱ्या मातांनी हे जरूर लक्षात ठेवावे. पण प्रत्येक चौकात पोलीस उभा राहू शकत नाही. प्रत्येक घरात मात्र आपण असतो.

रस्त्यावरची निम्मी घाई घरातून निघते. डबा पाच मिनिटे उशिरा झाला, की ती पाच मिनिटे कोठेतरी चौकात वसूल केली जातात. घरातली कामे सर्वांनी वाटून घेतली आणि निघायची वेळ दहा मिनिटे आधी धरली, तर त्या दहा मिनिटांत पुष्कळ शांतपणा मावतो. गाडीवर असलेल्या माणसाला "कुठवर आलात?" म्हणून फोन करू नये. केलाच, तर त्याने तो उचलू नये, आणि उचलला नाही म्हणून आपण रुसू नये. शाळेच्या फाटकाशी किंवा सोसायटीच्या दारात हॉर्न वाजवून कोणाला बोलवू नये. खाली उतरून दोन पावले चालावे. आणि मुले पाठीमागे बसलेली असताना तोंडातून काय बाहेर पडते, इकडे प्रत्येकाने लक्ष द्यावे. मूल गाडी चालवायला अठराव्या वर्षी शिकते, पण रागवायला तिसऱ्या वर्षापासून शिकत असते.

मंडळापुरत्या माझ्या दोन सूचना आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकच्या डब्यांऐवजी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचे वाण लुटावे. त्या स्कूटरला, सायकलला, मुलांच्या दप्तराला लावता येतील. दुसरी सूचना अशी, की ज्या भगिनींनी भीतीने गाडी सोडली आहे, त्यांच्याबरोबर रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, आपल्यातल्या सरावलेल्या दोघीतिघींनी जावे. एक पुढे, एक मागे. महिनाभरात जिन्याखालच्या कितीतरी गाड्यांची आच्छादने निघतील, असा मला विश्वास वाटतो.

शेवटी एका नियमाची आठवण करून देते. घाटात रस्ता अरुंद असेल आणि समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असे वाहतुकीचे नियम सांगतात. कारण साधे आहे. ओझे घेऊन चढणीवर थांबलेल्या गाडीला पुन्हा हलणे फार कष्टाचे जाते. ज्याला सोपे आहे, त्याने थांबावे. मोटारींसाठी लिहिलेल्या नियमांत इतकी माणुसकी आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. शहरातल्या सपाट रस्त्यावरही कोणी ना कोणी चढण चढतच असते. नवशिकी मुलगी, काठी टेकीत निघालेले आजोबा, मागे मूल आणि पुढे पिशव्या घेतलेली आई. त्यांच्यामागे असताना हॉर्नवर गेलेला अंगठा क्षणभर उचलावा. आपले दोन क्षण जातात, त्यांची वाट मोकळी होते.