रस्त्याची क्षमता आणि संगणक
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



विषय रुक्ष आहे, पण रोज रस्त्यावर आपण तोच भोगतो. रेल्वेवाल्याने रस्त्याबद्दल का बोलावे? लेव्हल क्रॉसिंगच्या गेटवर आमचा आणि रस्त्याचा संबंध रोजच येतो.

रेल्वेत एकेरी मार्गाची क्षमता काढायला स्कॉटचे जुने सूत्र आहे. दिवसाची १४४० मिनिटे घ्या. सर्वांत लांब ब्लॉक सेक्शन पार करायला सर्वांत मंद गाडीला १५ मिनिटे आणि ब्लॉकच्या कामाला ५ मिनिटे लागत असतील, तर २० ने भागा. ७२ गाड्या आल्या. त्यातला ७० टक्के भागच धरायचा, म्हणजे ५०. उरलेले ३० टक्के वाया गेले असे समजू नका. ते ठेवले नाहीत, तर एक गाडी उशिरा आली की मागच्या सगळ्या रखडतात.

रस्त्याचेही असेच आहे. गेट १० मिनिटे बंद आहे आणि एका बाजूने मिनिटाला ६ वाहने येतात असे धरा. ६० वाहने साचतील. गेट उघडल्यावर एका लेनमधून मिनिटाला साधारण ३० वाहने सुटतात, पण मागून ६ येतच असतात. म्हणजे रांग २४ ने घटते आणि अडीच मिनिटांत संपते. आता मिनिटाला २० वाहने येऊ द्या. साचली २००, घटतात फक्त १०, म्हणजे रांग संपायला २० मिनिटे. वाहतूक तिपटीहून थोडी जास्त, वेळ मात्र आठपट! त्या २० मिनिटांत दुसरी गाडी आली, तर पहिली रांग संपायच्या आतच गेट पुन्हा पडते. 'काल तर एवढी गर्दी नव्हती' असे आपण म्हणतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

हा हिशोब पन्नास चौकांसाठी एकदम करायचा तर सॉफ्टवेअर लागते. ऑस्ट्रेलियाचे सिड्रा चौकांसाठी प्रसिद्ध आहे. जर्मनीचे विसिम प्रत्येक वाहन वेगळे चालवून दाखवते. सुमो हेही जर्मनीचेच, आणि ते फुकट मिळते. पण यातली बरीच गणिते लेनची शिस्त पाळणाऱ्या देशांत जन्मली. आपल्याकडे लाल दिवा लागला की दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन बसतात. म्हणून दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ साली भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र नियमपुस्तिका तयार केली. माझ्या मते परदेशी आकडे जसेच्या तसे घालून काढलेला रंगीत अहवाल म्हणजे नुसती शोभा. भट्टीत काय घातले यावर काय निघणार हे ठरते, ते गलाईवाल्यांना मी काय सांगावे!

आता मुख्य मुद्दा. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी इथल्या महामहम तलावाकाठी चेंगराचेंगरीत सुमारे ५० भाविक गेले. पुढचे महामहम २००४ आणि २०१६ साली झाले. आता २०२८ चे येत आहे. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला फार तर ८० माणसे जाऊ शकतात. ३ मीटरच्या गल्लीतून २४०, म्हणजे तासाला १४,४००. एक लाख माणसे त्या एका वाटेने जायला सात तास! त्यात मुहूर्त सगळ्यांचा एकच. आणि हा आकडा वाट मोकळी असतानाचा आहे. समोरून परतणारे त्याच गल्लीत आले की तो कोसळतो. म्हणून येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी हवी, आणि गर्दी तलावाशी नव्हे तर बऱ्याच आधी, स्टेशन आणि बसस्टँडपाशी थोपवायला हवी.

हे संगणकावर आधी चालवून पाहता येते. पण त्यासाठी गल्ल्यांच्या रुंदीची मापे हवीत. नकाशावरची नव्हे, तर दुकानांच्या पायऱ्या, फुलवाल्यांच्या टोपल्या आणि उभ्या केलेल्या दुचाक्या वजा करून उरलेली. त्याला टेप, वही आणि दोन रविवार पुरतात. आपल्यातल्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलामुलींनी आरतीनंतर मंडपात माझ्याकडे नावे द्यावीत. दुकानदारांशी तमिळ बोलू शकणारा एक तरी गटात असू द्या.